शोधापासून औषधापर्यंत



आमच्या घरीं रोज सकाळीं चहापूर्वीं एक लहानसा विधि होत असतो. फ्रिजच्या दारांतून अंगठ्याएवढी एक कांचेची कुपी बाहेर निघते. माझी पत्नी ती दोन्ही तळहातांमध्यें हळूहळू फिरविते, बारीक सुईच्या पिचकारींत औषध मोजून ओढून घेते आणि स्वतःच्याच हातानें टोंचून घेते. गेलीं एकोणीस वर्षें हा क्रम अखंड चालूं आहे. कुपी संपत आली कीं मी पिशवी घेऊन औषधाच्या दुकानांत जातों आणि दुसरी घेऊन येतों. ती तेथें असेलच, हें मीं गृहीत धरलेलें असतें.

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो एका विद्यापीठांत जीवरसायनाचें संशोधन करितो. मधुमेह्यांच्या पायांना होणाऱ्या जखमा लवकर भराव्या म्हणून त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं एक लेप सिद्ध केला आहे, आणि उंदरांवर त्याचा गुणहि दिसून आला आहे. एका औषधी कंपनीनें त्याच्याकडे बोलणें लावलें आहे. टेबलावरील कुपीकडे पाहत तो मला म्हणाला, "गुरुजी, विद्या दिल्यानें वाढते असें तुम्हीच आम्हांला शिकविलेंत. मग ही विद्या मीं कंपनीला विकावी काय? कीं सारें छापून टाकावें, आणि ज्याला औषध करावयाचें असेल त्यानें करावें, असें म्हणून मोकळें व्हावें?"

मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, शास्त्र आणि भूगोल शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मनुष्य. परंतु आमच्या घरांतही पायाची एक जखम गेल्या वर्षीं तीन महिने भरत नव्हती; म्हणून तो प्रश्न मला परका वाटला नाहीं. मीं त्या कुपीचाच इतिहास वाचावयास घेतला, आणि उत्तराचा पुष्कळसा भाग तेथें सांपडला. तोच आज आपणांपुढें ठेवितों.

प्रयोगशाळेंत शोध लागला म्हणजे औषध झालें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः या दोहोंच्या मध्यें एक मोठा घाट आहे. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या आगगाड्या कर्जतपर्यंत आपल्या इंजिनाच्या बळावर येतात. परंतु पुढें बोरघाटाची चढण लागते, म्हणून कर्जतला गाडीच्या मागें ज्यादा इंजिनें जोडतात. तीं गाडीला मागून रेटीत लोणावळ्यापर्यंत पोहोंचवितात आणि तेथें सुटतात. विद्यापीठांतील संशोधकाचें असेंच आहे. प्रश्न शोधणें, प्रयोग करणें, निष्कर्ष काढणें, या सपाटीवर त्याचें इंजिन उत्तम चालतें. चढण लागते ती पुढें. औषध शुद्ध करावयाचें. थेंबांनीं निघत होतें तें पिंपांनीं काढावयाचें. प्रत्येक खेपेस तें त्याच गुणाचें निघेल अशी खात्री करावयाची. शेंकडों रोग्यांवर तें सुरक्षित आहे हें सिद्ध करावयाचें. आणि या सर्वाला लागणारा पैसा उभा करावयाचा. मागचें इंजिन कोणीं जोडावें, आणि लोणावळ्यास तें सुटेल कीं गाडीच आपल्या मालकीची आहे असें म्हणूं लागेल, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आतां त्या कुपीकडे वळूं. १९२१ सालच्या मे महिन्यांत कॅनडांतील टोरोंटो विद्यापीठांत फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा त्याचा साहाय्यक यांनीं कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले. जागा, जनावरें व मार्गदर्शन हीं प्राध्यापक मॅक्लाउड यांनीं पुरविलीं. जठराच्या मागें असलेल्या स्वादुपिंडांतून रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणारा कांहीं रस निघत असला पाहिजे, अशी शास्त्रज्ञांची अटकळ होती. तो रस वेगळा काढावयाचा होता. त्या काळीं लहान मुलास मधुमेह होणें म्हणजे मृत्यूचें बोलावणेंच असे. उपाय एकच, आणि तो म्हणजे उपासमार! मुलाचा आहार इतका तोडावयाचा कीं हाडांचा सापळा होऊन तें कांहीं महिने अधिक जगावें.

डिसेंबरमध्यें जेम्स कॉलिप हा रसायनज्ञ या मंडळींना येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास अर्क प्रथम टोंचण्यांत आला. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध असल्यामुळें टोंचल्या जागीं गळूं आलें आणि उपचार थांबवावे लागले. बारा दिवस खपून कॉलिपनें अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीस तो टोंचण्यास सुरुवात झाली आणि त्या मुलाच्या अंगीं पुन्हां तरतरी येऊं लागली.

शाळेंतील पुस्तकें बहुधा येथेंच थांबतात. खरी चढण येथून पुढें आहे. टोरोंटो विद्यापीठाचीच कॉनॉट नांवाची एक प्रयोगशाळा होती. ती घटसर्पाचें प्रतिविष व लसी तयार करीत असे. जानेवारीच्या अखेरीस तिच्याशीं करार झाला. तिनें साधनें व खर्च द्यावा, आणि संशोधकांपैकीं कोणीहि एकट्यानें पेटंट घेऊं नये अथवा परस्पर एकाद्या कंपनीशीं संधान बांधूं नये, असें ठरलें. पण औषध मोठ्या प्रमाणावर करूं जातां एक विलक्षण प्रकार घडला. कॉलिपला स्वतःचीच कृति साधेना! लहान चंचुपात्रांत जो अर्क उतरत होता तो मोठ्या भांड्यांत उतरेना. आणि पुढें तर लहान पात्रांतहि नीट उतरेना. घरांतील चार माणसांपुरता पाक अचूक साधणाऱ्या गृहिणीस लग्नघरांतील चारशें पानांचा पाक करावयास सांगितलें तर तिची जी अवस्था होईल, तीच या रसायनज्ञाची झाली. सुमारें दोन महिने टोरोंटोंत माणसांना देण्याजोगें इन्सुलिन जवळजवळ नव्हतें. शोध लागलेला होता, मुलें दाराशीं मरत होतीं, आणि औषध मात्र नव्हतें. या दोन महिन्यांचा विसर आपण पडूं देऊं नये.

तेव्हां १९२२ च्या मे अखेरीस विद्यापीठानें अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथील ईलाय लिली या औषधी कंपनीशीं करार केला. त्याच्या अटी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. अमेरिकेपुरता प्रयोगकालाचा एकाधिकार कंपनीस मिळाला, परंतु फक्त एका वर्षापुरता. त्यानंतर इतर योग्य कारखान्यांनाहि परवाने देण्यास विद्यापीठ मोकळें राहिलें. एका बाजूनें विद्यापीठानें आपलें ज्ञान कंपनीस द्यावयाचें, आणि दुसऱ्या बाजूनें कंपनीनें आपल्या सुधारणा विद्यापीठास कळवावयाच्या. कत्तलखान्यांतून गुरांचीं व डुकरांचीं स्वादुपिंडें गोळा करणें, तीं थंड ठेवणें, टनावारी द्रावण हाताळणें, हीं कामें कंपनीस येत होतीं; प्राध्यापकांस नव्हे. वर्षअखेरीस कंपनीचा रसायनज्ञ जॉर्ज वाल्डन यास असें आढळून आलें कीं, द्रावणाची आम्लता एका ठराविक मर्यादेवर आणली म्हणजे इन्सुलिन आपोआप तळाशीं बसतें. त्यामुळें औषध अधिक शुद्ध व अधिक टिकाऊ झालें, आणि १९२३ च्या अखेरपर्यंत तें अमेरिकेंत दुकानांतून मिळूं लागलें. कुत्र्यांवरील पहिल्या प्रयोगापासून दुकानापर्यंत अवघीं अडीच वर्षें!

आतां पैशाची बाजू. औषधाचें पेटंट घेणें वैद्याच्या ब्रीदास शोभत नाहीं, असें बँटिंगला वाटत होतें. माझ्या विद्यार्थ्याच्या मनांत जी शंका आली तीच ही. तरीहि पेटंट घ्यावयाचें ठरलें, आणि १९२३ सालीं बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांच्या नांवें अमेरिकन पेटंट मिळालें. तिघांनींहि आपापले हक्क प्रत्येकीं एक डॉलर घेऊन विद्यापीठास देऊन टाकले.

कोणी म्हणेल, द्यावयाचेंच होतें तर मुळांत घेतलें कशाला? येथेंच सारें मर्म आहे. कुंपण नसलेलें शेत सर्वांचें राहतें असें आपणांस वाटतें, परंतु पहिला नांगर घालणारा तें आपलें म्हणूं लागतो. आपण पेटंट घेतलें नाहीं तर दुसरा कोणी घेईल आणि जगास वेठीस धरील, ही विद्यापीठाची भीति होती. आणि ती अनाठायीं नव्हती. वाल्डनच्या सुधारणेवर कंपनीनें स्वतःच्या नांवें पेटंट मागितलेंच. मूळ पेटंट विद्यापीठाच्या हातीं होतें, म्हणूनच त्याच्या इन्सुलिन समितीला कंपनीशीं बरोबरीच्या नात्यानें बोलतां आलें, आणि ती सुधारणाहि इतर कारखान्यांना मोकळी राहिली. याच बळावर समितीनें आणखी एक काम केलें. कारखान्यांतील औषधाची ताकद व शुद्धता ती तपासून घेई. ब्रिटनमधील हक्क तेथील वैद्यकीय संशोधन मंडळास देण्यांत आले. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ, ज्यांच्या पत्नीसहि मधुमेह होता, टोरोंटोस येऊन परवानगी घेऊन गेले आणि १९२३ सालीं तेथें इन्सुलिन तयार होऊं लागलें. म्हणजे पेटंट हें येथें तिजोरीचें कुलूप नव्हतें. तो दारावरचा पहारेकरी होता.

पहारेकरी नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण पेनिसिलिनचें आहे. फ्लेमिंगला बुरशीचा गुण दिसला तो १९२८ सालीं. परंतु तिच्यापासून औषध काढण्याचें काम १९३९ नंतर ऑक्सफर्ड विद्यापीठांत फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनीं केलें. फेब्रुवारी १९४१ मध्यें एका पोलीस शिपायास पेनिसिलिन टोंचलें. तो सुधारूं लागला. पण औषध संपलें! त्याच्या लघवींतून तें पुन्हां काढून टोंचलें, तेंहि संपलें, आणि मार्चमध्यें तो बिचारा वारला. चेन यांनीं पेटंट घ्यावें असा आग्रह धरला होता; परंतु तें नीतीस सोडून आहे, असें वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांनीं त्यांस सांगितलें. पुढें युद्धकाळांत अमेरिकेंत मोठ्या प्रमाणावर निर्मिति झाली, तेथील पद्धतींवर पेटंटें निघालीं, आणि ब्रिटिश कारखान्यांना त्या पद्धतीकरितां अमेरिकन कंपन्यांस पैसे मोजावे लागले. या अनुभवाची ठेंच बसल्यामुळेंहि १९४८ सालच्या कायद्यानें ब्रिटननें राष्ट्रीय संशोधन विकास मंडळ स्थापिलें. त्याच्याच मार्फत ऑक्सफर्डमधील सेफॅलोस्पोरिन या पुढच्या जंतुनाशक औषधाचीं पेटंटें घेण्यांत आलीं, आणि त्यांच्या उत्पन्नांतून संशोधनास देणग्या देणारे विश्वस्त निधि उभे राहिले.

अमेरिकेंत ही वाट आधींच पडलेली होती. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील हॅरी स्टीनबॉक यांनीं १९२३ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, अन्नावर अतिनील किरण टाकले म्हणजे मुलांच्या मुडदुसावर गुणकारी असें ड जीवनसत्त्व त्यांत उत्पन्न होतें. एका मोठ्या अन्नकंपनीनें देऊं केलेली भली मोठी रक्कम त्यांनीं नाकारली. १९२५ सालीं विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनीं एक स्वतंत्र संस्था काढली. तिनें पेटंटें सांभाळावीं, परवाने द्यावेत, आणि येणारा पैसा पुन्हां विद्यापीठांतील संशोधनाकडे वळवावा अशी योजना झाली. रक्त पातळ ठेवण्यासाठीं अनेक हृदयरोगी घेतात त्या वॉरफॅरिन या गोळीचें नांव या संस्थेच्या आद्याक्षरांवरूनच पडलेलें आहे. परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. विस्कॉन्सिन हा दुधालोण्याचा प्रांत. म्हणून गरिबांच्या कृत्रिम लोण्यास हें जीवनसत्त्व मिळूं नये अशी वृत्ति त्या संस्थेनें ठेवली, आणि त्याबद्दल न्यायालयांतहि तिला बोल ऐकून घ्यावा लागला. पहारेकरी आपल्याच घराचा झाला तर तोहि दार अडवूं शकतो.

१९८० सालीं अमेरिकेंत बाय-डोल कायदा झाला. तोंपर्यंत सरकारी पैशानें लागलेल्या शोधांचीं पेटंटें बहुधा सरकारकडे राहत, आणि त्यांतील फारच थोडीं उपयोगांत येत. या कायद्यानें तीं विद्यापीठांस स्वतःकडे ठेवतां येऊं लागलीं. उत्पन्नाचा वांटा संशोधकास देण्याचें बंधन आलें. आणि परवाना घेऊन कंपनी स्वस्थ बसली तर सरकारनें मध्यें पडावें अशी तरतूदहि झाली. तेव्हांपासून जवळजवळ प्रत्येक मोठ्या विद्यापीठांत या कामाचें एक स्वतंत्र कार्यालय असतें.

हें कार्यालय करितें तरी काय? संशोधकानें आपला शोध छापण्यापूर्वीं प्रथम येथें कळवावयाचा असतो, कारण एकदां छापल्यावर बहुतेक देशांत पेटंट मिळत नाहीं. मग शोध खरोखरच नवा आहे काय आणि त्याचा उपयोग कोणास आहे हें पाहिलें जातें. पेटंटाचा अर्ज होतो. कंपनी धोका पत्करण्यास तयार होण्याआधीं जे प्राथमिक प्रयोग करून दाखवावे लागतात, त्यांसाठीं थोडा पैसा मिळवून दिला जातो. हीच घाटांतील सर्वांत अवघड चढण होय. नंतर कंपनी शोधली जाते, नाहीं तर संशोधकालाच लहानशी कंपनी काढून दिली जाते. आणि शेवटीं करार लिहिला जातो. परवाना एकालाच कीं अनेकांना? किती वर्षें? काम न केल्यास परवाना परत केव्हां? या प्रश्नांच्या उत्तरांत रोग्याचें दैव दडलेलें असतें. स्टॅनफर्ड विद्यापीठानें जनुकें जोडण्याच्या कोहेन व बॉयर यांच्या पद्धतीचें पेटंट १९८० सालीं मिळविलें, आणि तें कोणा एकास न देतां माफक शुल्क घेऊन शेंकडों कंपन्यांस दिलें. १९९७ सालीं मुदत संपेपर्यंत त्यापासून सुमारें २५ कोटि डॉलर उत्पन्न झालें, आणि कोणाचीहि वाट अडली नाहीं. याच विद्येनें जंतूंकडून मानवी इन्सुलिन करवून घेतां आलें. तें १९८२ सालीं बाजारांत आलें, आणि जनावरांच्या स्वादुपिंडांवरील अवलंबन हळूहळू सुटलें.

आपल्या इकडेहि या घाटाचा अनुभव आहे. पेनिसिलिन आपल्या देशांत व्हावें म्हणून १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. करोनाच्या सांथींत ऑक्सफर्ड विद्यापीठानें लस शोधिली आणि १९२० च्या दशकांतील टोरोंटोप्रमाणेंच एका कंपनीशीं करार केला. सांथ असेपर्यंत त्या लसीवर नफा घेऊं नये अशी अट घातली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला ती लस करण्याचा परवाना मिळाला, आणि १६ जानेवारी २०२१ पासून आपल्यापैकीं कितीकांनीं ती दंडावर घेतली. पुण्यांतच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारांत २००७ पासून व्हेंचर सेंटर नांवाचें केंद्र असून, संशोधकांच्या नवजात कंपन्यांना तेथें जागा, उपकरणें व सल्ला मिळतो. मागचें इंजिन जोडण्याची सोय आतां कर्जतपासून फार दूर राहिलेली नाहीं.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. पेटंटाचें आयुष्य थोडें असतें, आणि एका डॉलरचा तो पहारेकरी कधींच निवृत्त झाला. इन्सुलिनचे नवे नवे प्रकार निघाले, त्यांचीं पेटंटें कंपन्यांचीं. अमेरिकेंत १९९६ सालीं सुमारें २१ डॉलरला मिळणाऱ्या एका नव्या इन्सुलिनच्या बाटलीची छापील किंमत वीस-बावीस वर्षांत सुमारें २७५ डॉलरवर गेली. ऐपत नाहीं म्हणून लोक डोस तोडूं लागले. फार ओरड झाली तेव्हां २०२३ सालीं किंमती उतरल्या. ज्या शोधाच्या जनकांनीं तीन डॉलर घेतले, त्याच्याच वंशांतील औषधाची ही कथा आहे. म्हणून उदारपणा मनांत असून भागत नाहीं. तो कागदावर, अटींच्या रूपानें, मुदतीसकट लिहून ठेवावा लागतो.

माझ्या विद्यार्थ्यास मीं जें पत्र लिहिलें त्याचा मतितार्थ इतकाच: "बाबा रे, विद्या दिल्यानें वाढते हें खरें, परंतु दान सत्पात्रीं करावें, हेंहि मींच तुला शिकविलें आहे. नुसतें छापून मोकळा झालास तर तुझा लेप नियतकालिकाच्या पानांतच वाळून जाईल, कारण उघड्या शेतावर कोट्यवधि रुपये पेरावयास कोणी धजत नाहीं. आणि सारेंच्या सारें कायमचें विकून टाकलेंस तर तें कपाटांत पडून राहिलें तरी तुला बोलतां येणार नाहीं. आधीं आपल्या विद्यापीठास कळव. हक्क विद्यापीठाच्या नांवें राहूं दे. कंपनीला परवाना दे, पण मुदतीचा दे. ठराविक काळांत काम झालें नाहीं तर तो परत घेण्याचें कलम घाल. आणि सरकारी इस्पितळांत लेप कोणत्या दरानें मिळावा, तें आजच लिहून घे. पुढें तुझा शब्द कोणी ऐकणार नाहीं. आज तुझ्याशिवाय त्यांचें अडलेलें आहे."

हें पत्र टपालांत टाकण्यापूर्वीं मीं पत्नीला वाचून दाखविलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "सगळें ठीक आहे. खालीं एवढेंच लिहा, लेप झाला कीं पहिली डबी मी घेईन. पण किंमत आधीं विचारीन." तेंहि मीं लिहिलें आहे.